पुरस्कार ठरवण्याआधी बाथरूममधला दांडा ओढून पाहा: निवड समित्यांना खुले पत्र

प्रति,
ज्येष्ठांना स्वावलंबी जगायला मदत करणाऱ्या व्यक्ती आणि संस्थांना पुरस्कार देणाऱ्या सर्व निवड समित्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

१ ऑक्टोबर जवळ आला की आपल्या बैठका सुरू होतात, अर्ज मागवले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी हा दिवस ज्येष्ठांचा म्हणून ठरवला. पुढच्या वर्षी, १६ डिसेंबर १९९१ रोजी, आमसभेने ज्येष्ठांसाठीची १८ तत्त्वं मान्य केली. त्यांचे पाच गट आहेत आणि पहिला गट आहे स्वातंत्र्याचा. शक्य होईल तितका काळ स्वतःच्या घरी राहता यावं, हे त्याच गटात लिहिलेलं आहे. आपल्या मानपत्रांवरही 'स्वावलंबन' हा शब्द ठळक अक्षरांत असतो. अर्जात मात्र प्रश्न असतात ते असे: किती जणांना सेवा दिली, किती तास दिली, किती वस्तूंचं वाटप केलं. या तिन्ही आकड्यांवरून एकही माणूस स्वावलंबी झाला की नाही ते कळत नाही. कधी कधी तर आकडा जितका मोठा, तितकं स्वावलंबन कमी झालेलं असतं.

आम्ही ज्येष्ठांच्या घरी जाऊन काम करणारे लोक आहोत: ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारे), फिजिओथेरपिस्ट, परिचारिका, दिवसपाळी-रात्रपाळी करणारे केअरटेकर, आणि घरांत आधाराचे दांडे, कठडे, रॅम्प बसवणारे कारागीर. आमची मागणी एकच आहे. त्या घरातली ज्येष्ठ व्यक्ती आज स्वतःच्या हातांनी काय करते, ते बघून पुरस्कार ठरवा.

शर्टाच्या बटणांचं उदाहरण घ्या. अर्धांगवायूनंतर उजव्या हाताची पकड कमी झालेल्या गृहस्थांना केअरटेकरने बटणं लावून दिली तर काम एका मिनिटात होतं. त्यांनी स्वतः लावायची ठरवली तर आठ-दहा मिनिटं लागतात. आधी कमकुवत हात बाहीत घालायचा, मग चांगला. सर्वांत खालच्या बटणापासून सुरुवात करायची, कारण ते नीट दिसतं आणि काज चुकत नाही. बटण डाव्या हाताच्या अंगठ्याने काजातून ढकलायचं. चौथ्या बटणाला हात थकतो, तेव्हा कोपर टेबलावर टेकवून थोडं थांबायचं. हे सगळं होत असताना केअरटेकरने समोर बसायचं आणि हात मांडीवरून उचलायचे नाहीत. न करता बसून राहणं हे या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे. बाहेरून बघणाऱ्याला तो आळस वाटतो, घरच्यांना वाटतं पैसे घेऊन ही बाई नुसती बसते, आणि आपल्या अर्जात तर त्यासाठी रकानाच नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ मार्ग्रेट बाल्टेस यांनी वृद्धनिवासांत अनेक वर्षं निरीक्षणं करून नेमकं हेच दाखवलं. ज्येष्ठ व्यक्ती 'मला जमत नाही' म्हणाली की कर्मचारी लगेच धावतात, बोलतात, जवळ बसतात. तिने स्वतःहून काही केलं की कुणाचं लक्ष जात नाही. माणसाला सोबत हवी असते. ती फक्त परावलंबी झाल्यावरच मिळत असेल, तर तो हळूहळू परावलंबी होतो. म्हणून 'आम्ही त्यांना काहीही करू देत नाही, सगळं हातात आणून देतो' असं अभिमानाने लिहिलेला अर्ज आला तर थांबा. त्या वाक्यात प्रेम आहे, यात शंका नाही. पण ज्याचा सन्मान करायला आपण बसला आहात, ते त्यात नाही.

मग मोजायचं कशाने? साधनं जुनी आहेत आणि फुकट आहेत. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा कामांची यादी दिली: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणं. लॉटन आणि ब्रोडी यांनी १९६९ मध्ये त्यापुढची आठ कामं मांडली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं आणि पैशांचे व्यवहार. अर्जदार संस्थेला सांगा, पाच घरं निवडा आणि या चौदा कामांपुढे दोन तारखांची नोंद दाखवा, मदत सुरू झाली तेव्हाची आणि आजची. प्रत्येक कामापुढे 'स्वतः', 'थोड्या मदतीने' किंवा 'दुसऱ्याने केलं' एवढंच हवं. जी संस्था खरोखर हे काम करते तिच्या वहीत ही नोंद आधीच असते. सगळीकडे सुधारणा दिसायला हवी असा आग्रह मात्र धरू नका. कंपवात किंवा स्मृतिभ्रंश वाढत असताना दीड वर्ष तीच पातळी टिकली, तर ते मोठं यश आहे. सुधारणेचेच गुण दिलेत तर संस्था बऱ्या तब्येतीची माणसं निवडून घेऊ लागतील आणि ज्यांना खरी गरज आहे त्यांच्याकडे कुणी फिरकणार नाही.

आता बाथरूमकडे येऊ. अर्जासोबत येणाऱ्या फोटोंत चकचकीत दांडे हमखास असतात. फोटोत दांडा दिसतो, पण भिंतीत स्क्रू किती आत गेला आहे ते दिसत नाही. टाइल, तिच्यामागचं सिमेंट आणि गिलावा मिळून अडीच-तीन सेंटिमीटर सहज होतात. दांड्यासोबत आलेले आखूड स्क्रू तेवढ्यातच संपतात आणि विटेपर्यंत पोचतच नाहीत. असा दांडा रोजच्या हलक्या आधाराला महिनोन्‌महिने टिकतो. ज्या दिवशी पाय घसरून सगळं वजन त्यावर येतं, त्या दिवशी टाइलसकट निघून हातात येतो. रॉल प्लग (भोकात बसवून स्क्रू पकडून ठेवणारी नळी) आणि स्क्रू गिलाव्याच्या पलीकडे विटेत किंवा काँक्रीटमध्ये निदान चार-पाच सेंटिमीटर जायला हवा. पोकळ भिंत किंवा पार्टिशन असेल तर मागे लाकडी किंवा धातूची पट्टी हवीच. टाइलला भोक पाडताना ड्रिलचं हॅमर बंद ठेवायचं, नाही तर केसासारखी चीर जाते, त्यातून पाणी मुरतं आणि वर्षभरात पकड ढिली होते. दोन्ही टोकांच्या चकत्यांभोवती सिलिकॉन भरलेलं असावं.

दांड्याची जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर असावी. जाड असेल तर म्हाताऱ्या बोटांची मूठ पुरती वळत नाही. भिंत आणि दांडा यांच्यात सुमारे ३८ मिलिमीटर अंतर हवं. कमी असेल तर बोटांची पेरं घासतात, जास्त असेल तर तोल जाताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो आणि हाड मोडतं. अमेरिकी सुगमता मानकांत आडव्या दांड्याची उंची जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटर दिली आहे आणि त्याने सुमारे ११३ किलोंचा भार सोसावा अशी अट आहे. भाराची अट सगळीकडे पाळा. उंचीचा आकडा मात्र सार्वजनिक जागेसाठी ठीक आहे, घरात तो जसाच्या तसा वापरणं चूक. घरात त्या व्यक्तीला कमोडवर बसवून, उठताना हात आपोआप कुठे जातो ते बघायचं, भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि दांडा तिथेच लावायचा. गुळगुळीत पॉलिशचा दांडा साबणाच्या हाताने निसटतो, त्यापेक्षा खरखरीत बरा. रबरी चोषकाने टाइलला चिकटणारे दांडे सामानात घालून सहज नेता येतात, पण हवा शिरली की ते न सांगता सुटतात. एखाद्या संस्थेने असे दोन हजार दांडे वाटले असतील तर कृपया त्या आकड्याला भुलू नका.

म्हणून विनंती अशी की अंतिम यादीतल्या प्रत्येक संस्थेची दोन घरं बघा, घर कुठलं ते समितीने ठरवावं, आणि आत गेल्यावर दांड्याला दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन ओढा. सोबत असलेला टॉवेलचा रॉडही बघा. तो एका बाजूने वाकलेला असेल तर त्या घरातली व्यक्ती आधार त्याचाच घेते, म्हणजे दांडा चुकीच्या जागी आहे.

पडणं हा विषय आम्ही एवढा ताणतो, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठीपुढच्यांची संख्या सर्वाधिक असते. जे वाचतात त्यांपैकी अनेकांच्या मनात भीती बसते. भीतीने चालणं कमी होतं, चालणं कमी झालं की मांड्यांचे स्नायू झडतात आणि पुन्हा पडण्याची वेळ जवळ येते. घर नीट केलं तरी पाय नीट झाले नाहीत तर काम अर्धंच राहतं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला घरच्या घरी करायचा व्यायामक्रम यासाठी उत्तम आहे. आठवड्यातून तीनदा सुमारे अर्धा तास पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, घोट्याला वजन बांधून, शिवाय आठवड्यातून दोनदा चालणं. या क्रमाच्या चाचण्यांत पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं आढळलं. हा क्रम बिघडतो तो दोन ठिकाणी. वजन पहिल्या महिन्यात जेवढं बांधलं तेवढंच वर्षभर राहतं, त्यामुळे ताकद वाढायची थांबते. आणि तोलाचे व्यायाम खुर्चीवर बसून घेतले जातात. बसून तोल सुधारत नाही, त्यासाठी उभं राहावं लागतं, ओट्याला किंवा भक्कम टेबलाला हात लावून का होईना.

असे वर्ग घेणारी संस्था आली तर एक साधी चाचणी मागा. हाताच्या खुर्चीवरून उठायचं, तीन मीटर नेहमीच्या चालीने जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. ही वेळ दर तीन महिन्यांनी लिहून ठेवणारी संस्था आपलं काम गांभीर्याने करते आहे.

काठ्यांबद्दल थोडक्यात. वाटलेल्या काठ्यांची संख्या विचारू नका, त्या कापल्या कोणी ते विचारा. नेहमीची पादत्राणं घालून सरळ उभं राहिल्यावर, हात मोकळा सोडला असता, काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. खालच्या रबरी बुचावरच्या रेषा झिजून सपाट झाल्या की बूच बदलायचं. ज्या माणसाच्या पिशवीत चार आकारांची बुचं असतात, तो पुरस्काराच्या यादीत शोधून घालण्यासारखा आहे.

दुसरा मोठा विभाग एकट्या राहणाऱ्यांची विचारपूस करणाऱ्या मंडळींचा. रोज सकाळी फोन करणारे स्वयंसेवक हे फार मोलाचं काम करतात. पण फोन उचलला गेला नाही तर पुढे काय, याचं उत्तर तयार नसेल तर ती सेवा अपुरी आहे. चांगल्या गटाकडे लेखी क्रम असतो: ठरलेल्या वेळी पहिला फोन, पंधरा मिनिटांनी दुसरा, मग किल्ली असलेल्या शेजाऱ्याला फोन, त्याने अर्ध्या तासात दार उघडून बघायचं, आणि तो गावाला गेला असेल तर दुसरा शेजारी कोण. पडून तासाहून अधिक वेळ जमिनीवर राहिलं तर स्नायूंची झीज होते, दाबाच्या जखमा होतात, अंगातलं पाणी कमी होतं. हाड मोडलेलं नसतानाही कधी कधी माणूस त्यातून उठत नाही. त्यामुळे किल्ली असलेला शेजारी हा या साखळीतला मुख्य माणूस आहे. त्याचं नाव कुठल्याही अर्जात नसतं. त्याला शोधा. गळ्यातल्या आपत्कालीन बटणाचं वाटप करणाऱ्यांना एवढंच विचारा की ते बटण अंघोळीच्या वेळी गळ्यात असतं की खुंटीला, आणि महिन्यातून एकदा दाबून तपासतं कोण.

औषधांचं काम करणारे औषधविक्रेते आणि परिचारिका यांनाही आपण विसरता. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही दिवस फार जपण्याचे असतात. जुन्या पाकिटातली गोळी आणि नव्या चिठ्ठीतली गोळी एकच असते, फक्त ब्रँडचं नाव वेगळं, आणि दोन्ही घेतल्या जातात. रक्तदाब खाली येतो, माणूस पलंगावरून उठतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवायला हवं. घरातल्या सगळ्या गोळ्या, मलमं, जुनी पाकिटं एका पिशवीत घालून एकत्र तपासणं, एवढ्या एका कृतीने खूप अपघात टळतात. अमेरिकी डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये ज्येष्ठांना देताना जपून वापरायच्या औषधांची यादी केली, ती आजही सुधारत राहते. झोपेच्या गोळ्या तिच्यात ठळकपणे आहेत. सात दिवस गुणिले चार वेळा असे अठ्ठावीस कप्पे असलेली डबी चांगली, पण ती भरतो कोण हे महत्त्वाचं. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या मोडून कप्प्यात घातल्या तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

पैशांच्या व्यवहारात मदत करणाऱ्या संस्थांच्या बाबतीत आम्ही कठोर राहायला सांगू. बिलं भरणं, बँकेत सोबत जाणं ही खरी गरज आहे, आणि फसवणूकही याच वाटेने येते. पिन कुणीही विचारायचा नाही, प्रत्येक व्यवहाराची पावती त्याच दिवशी त्या व्यक्तीच्या हातात द्यायची, एकाच स्वयंसेवकाने वर्षानुवर्षं एकट्याने व्यवहार बघायचा नाही, हे नियम लेखी नसतील तर बाकी काम कितीही चांगलं असो, यंदा पुरस्कार देऊ नका. नियम करून पुढच्या वर्षी यायला सांगा.

शासन पातळीवरच्या पुरस्कारांसाठी डेन्मार्कचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं. तिथे २०१५ मध्ये कायद्यानेच नगरपालिकांवर बंधन आलं की कायमची घरगुती मदत सुरू करण्याआधी, त्या व्यक्तीला ते काम पुन्हा स्वतः करता येईल का हे बघायचं आणि तशी शक्यता असेल तर ठरावीक मुदतीचा प्रशिक्षणाचा टप्पा द्यायचा. प्रशिक्षणाची ध्येयं त्या व्यक्तीसोबत बसून ठरवायची. कुणाला जिना उतरायचा असतो, कुणाला फक्त स्वतःचे केस विंचरायचे असतात. मात्र ही पद्धत पैसे वाचवण्यासाठी मदत नाकारण्याचं निमित्त झाली तर तिची सगळी शोभा जाते. ज्यांना खरोखर जमणार नाही, त्यांना मदत ताबडतोब मिळायला हवी.

अर्जाबद्दल एक गोष्ट. नामनिर्देशन ज्यांना मदत मिळाली त्यांच्याकडून येऊ द्या. एक पानी अर्ज, १६ पॉइंटची अक्षरं, पांढऱ्यावर काळी शाई, आणि फोनवर सांगून अर्ज भरून घेण्याची सोय, एवढं पुरे. आज संगणकावर वीस पानं आणि चकचकीत अहवाल जोडू शकणारेच अर्ज करतात. दांडे बसवणारा कारागीर कधीच करत नाही.

समारंभातही चुका होतात. मंच ६० सेंटिमीटर उंच असेल तर १:१२ उताराचा रॅम्प ७.२ मीटर लांब लागतो. तेवढी जागा सभागृहात सहसा नसते, मग चार तगडी माणसं व्हीलचेअर उचलून वर नेतात. स्वावलंबनाच्या पुरस्कारात कुणालाही उचलून नेऊ नका. मंच वापरूच नका, पाहुण्यांनी खाली यावं. खुर्च्या हातांच्या असाव्यात, कार्यक्रम सकाळी असावा म्हणजे परतताना अंधार होणार नाही, आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते सुरुवातीलाच सांगावं. 'या आजी एकट्या राहतात' असं म्हणून कुणाचा फोटो, नाव आणि राहण्याचं ठिकाण एकत्र छापू नका. चोर आणि फसवणारे ते आपल्याइतक्याच लक्षपूर्वक वाचतात. लाभार्थी म्हणून कुणाला मंचाजवळ बोलवायचं असेल तर आधी एकांतात विचारा, आणि 'नको' हे उत्तर सहज देता येईल अशा रीतीने विचारा.

पुरस्कार घ्यायला येणाऱ्या केअरटेकरच्या जागी त्या दिवशी बदली माणूस कोण असेल, ते आयोजकांनी बघावं आणि त्याचे पैसेही द्यावेत. घरी नातेवाइकाची काळजी घेणाऱ्यांच्या बाबतीत तर याशिवाय ते येऊच शकत नाहीत. शालीपेक्षा त्यांना वर्षभर महिन्यातून दोन दिवसांची बदली सेवा दिलीत तर ती जास्त उपयोगी पडेल. संस्थांना रक्कम द्यायची असेल तर एकदम न देता तीन वर्षांत विभागून द्या आणि ती कशावर खर्च करायची याची अट घालू नका. ड्रिलची पातं, प्रवासखर्च, फोनचं बिल, रबरी बुचं यांना देणगीदार मिळत नाही.

येत्या वर्षीच्या अर्जाचा मसुदा करताना आमच्यापैकी कुणाला बोलवायचं असेल तर आम्ही येऊ, मानधन नको. पाहणीला जाताना मोजपट्टी, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि टॉर्च सोबत घ्या. टॉर्च कमोडच्या मागची भिंत बघायला लागते, दांड्याखालची ओल आधी तिथे दिसते.

आपले,
ज्येष्ठांच्या घरी जाऊन काम करणारे आम्ही काहीजण